समेच्या अलीकडे

पहाटे ३.००

गजर तीनचा लावते, पण नरकचतुर्दशीला त्याची गरज पडत नाही. आईनं पाणी तापवायला ठेवलेलं असतं आणि उटण्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आलेला असतो. अभ्यंगस्नानाशिवाय आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हा तिचा नियम, आणि पावणेपाचला मैदानावर पोचलंच पाहिजे हा माझा. दोन्ही पाळायचे तर तीनलाच उठावं लागतं. दारात कारीट फोडायचं, तिच्याकडून ओवाळून घ्यायचं, चहा प्यायचा आणि निघायचं.

कपड्यांवरून पहिल्या वर्षी ओढाताण झाली होती. मैफलीचे फोटो काढणाऱ्यानं गडद रंग घालावा, कारण पांढऱ्या किंवा जरीच्या कपड्यांवर मंचाचा उजेड पडला की पुढच्या रांगेतल्या माणसांचं लक्ष आपल्याकडे जातं. आईचं म्हणणं, सणाला काळं नको. शेवटी गडद वांगी रंगावर आमचं जमलं. तोच कुर्ता, पायात न वाजणारे बूट, आणि बांगड्या पर्समध्ये. हातातली एक काचेची बांगडी कॅमेऱ्यावर आपटली तर तानपुऱ्याच्या सुरात ती स्वच्छ ऐकू येते.

बॅग रात्रीच भरलेली. एक वापरलेला कॅमेरा, तीन बॅटऱ्या, दोन रिकामी कार्डं, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स, दोन्हींचं छिद्र १.८ पर्यंत उघडणारं. ७०-२०० ची जड लेन्स एका दिवसापुरती भाड्यानं आणली आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं ही मोठी लेन्स विकत घेण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ५० मिलिमीटरची साधी लेन्स सगळ्यात स्वस्त असते आणि अंधारात ती महागड्या झूमपेक्षा जास्त उजेड आत घेते. माझं पहिलं अख्खं वर्ष तिच्यावर निघालं. तिला झूम नाही, म्हणून जागा नीट निवडायची सवय लागली.

फ्लॅश कपाटात आहे. तो मैफलीला न्यायचाच नाही.

पहाटे ४.१५

रस्त्यावर आकाशकंदिलांचा उजेड, मध्येच एखादी माळ फुटते, धूर खाली बसून राहतो. कोथरूडच्या दिशेनं जाताना तीन ठिकाणी तरी मांडव दिसतात. दिवाळी पहाट आता पुण्या-मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत, नाशिक-नागपुरात सगळीकडे आहे. काही जण तिला नुसता नटण्याचा सोहळा म्हणतात. मला ते पटत नाही. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचे, असा नियम २००० सालापासून आहे. त्यानंतर रात्रभर चालणाऱ्या मैफली हळूहळू संपल्या, आणि त्यांच्याबरोबर पहाटेचे रागही मंचावरून उतरले. संध्याकाळी सहा ते दहाच्या कार्यक्रमात ललत कोण गाणार? ललत, भटियार, अहिरभैरव प्रत्यक्ष समोर बसून ऐकायचे तर दिवाळी पहाट ही वर्षातल्या मोजक्या संधींपैकी एक उरली आहे.

आणि फोटो काढणाऱ्यासाठी तर हिच्याइतकी चांगली शाळा नाही. दोन-तीन तासांत अंधार, झुंजुमुंजू, कोवळं ऊन आणि टळटळीत सकाळ असे चारही उजेड समोरून जातात.

पहाटे ४.४५

मैदानावर मांडववाले शेवटच्या गाद्या पसरताहेत. काल संध्याकाळी मी इथे येऊन गेले होते. फोनमधल्या होकायंत्रावर पाहिलं, मंचाचं तोंड दक्षिणेला आहे. म्हणजे गाणारीच्या डाव्या हाताला पूर्व. तिकडे चार मजल्यांची इमारत. सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवेल, पण इमारतीमागून ऊन मंचावर यायला सव्वासात होतील. हा हिशेब आदल्या दिवशी केला नाही, तर सव्वासातला आपण नेमके चुकीच्या बाजूला सापडतो. माझं पहिल्या वर्षी तेच झालं.

प्रकाशयोजनेच्या दादांना गाठते. "दादा, चेहऱ्यावर जांभळा-गुलाबी टाकणार आहात का?" मागच्या पडद्यावर काय रंग हवा तो टाका, चेहऱ्यावर तेवढा साधा पिवळसर ठेवा, एवढीच विनंती. एलईडीचा गडद जांभळा किंवा निळा प्रकाश डोळ्याला बरा दिसतो, पण कॅमेऱ्यात त्या एका रंगाची पातळी फुटते आणि गालांचा, कपाळाचा सगळा उठाव पुसून सपाट डाग उरतो. रंगात ते नंतर दुरुस्त होत नाही. दादा म्हणतात, "बघतो, ताई." गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते आणि पहिला तासभर त्यांनी दिवे खरोखर साधे ठेवले होते.

पहाटे ५.१५

मंचामागच्या खोलीत दोन तानपुरे लागताहेत. इथे कॅमेरा खांद्यावर बंद असतो. गायिका डोळे मिटून जवारी तपासत आहेत. ध्वनिक्षेपक सहाच्या आत लावता येत नाहीत, म्हणून आवाजाची मोठी तपासणी कालच उरकली आहे. आत्ता ध्वनिमुद्रणवाला कानाला हेडफोन लावून तारांचा आवाज जोखतो आहे.

एक तानपुरा लागल्यावर त्या वर पाहतात, तेव्हा मी पुढे होते.

"ताई, मी फोटो काढणार आहे. सुरुवातीला नुसता तानपुरा असेल तोवर शटर दाबणार नाही. मंचाच्या अगदी पुढ्यात येणार नाही. आणखी काही पाळायचं असेल तर सांगा."

"तान घेताना तोंड वासलेलं असतं ना, तेवढे नका काढू," त्या म्हणतात.

हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. विचारण्यासारखं वाटत नाही, पण विचारल्यावर प्रत्येक गायक-गायिका काही ना काही सांगतात. एका सतारवादकांना उजव्या हाताच्या मिजराबीजवळ कोणी बसलेलं चालत नाही. एका तबलावादकांनी स्वतः होऊन सांगितलं होतं, डाव्या बाजूनं या, डग्ग्यावरचा हात तिथून दिसतो. परदेशी धर्तीच्या मोठ्या रॉक मैफलींत पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, नंतर बाहेर, असा ठरलेला नियम असतो. आपल्याकडे असा लेखी नियम नाही. म्हणून तो आपण स्वतः जाऊन विचारायचा.

सकाळी ६.००

समई पेटते. दीपप्रज्वलनाचे आठ-दहा फोटो पटापट काढून घेते. आयोजकांना ते लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मग जाऊन डावीकडे, तिसऱ्या रांगेच्या कडेला जमिनीवर बसते. कॅमेरा मांडीवर.

ललत. दोन मध्यमांचा, पंचम नसलेला. पहिली काही मिनिटं फक्त तानपुरे आणि आवाज. माझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे, तो उचलला की 'टक्' होतं. तबला सुरू नसताना त्या आवाजाला लपायला जागा नाही. नवीन पद्धतीच्या कॅमेऱ्यांत आवाज न होणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, पण एलईडीच्या दिव्यांखाली त्यात फोटोवर आडवे काळे पट्टे येऊ शकतात. तेव्हा तोही पूर्ण भरवशाचा उपाय नाही. गप्प बसून ऐकणं मात्र भरवशाचं आहे.

ही गोष्ट मला एका आजोबांनी शिकवली. माझा पहिलाच कार्यक्रम होता. मी एका तानेवर बोट दाबून धरलं आणि सेकंदाला सहा-सात फोटो निघत गेले. मध्यंतरात ते माझ्याजवळ आले, रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, तुझ्या टकटकीत माझी सम गेली." त्या दिवशी माझ्याकडे चौदाशे फोटो होते आणि त्यातल्या एकाही क्षणी काय गायलं जात होतं ते मला सांगता आलं नसतं. दुसऱ्याच आठवड्यात घराजवळच्या तबल्याच्या क्लासला नाव घातलं. वाजवायला येईल म्हणून नव्हे, मोजायला यावं म्हणून.

विलंबित एकताल सुरू होतो. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. बारा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या वर जातं. अकराव्या-बाराव्या मात्रेच्या सुमारास गायिका मुखडा उचलतात. तिथे तबलजी मान वर करून त्यांच्याकडे पाहतात, संवादिनीवाल्यांची बोटं थबकतात, पुढच्या रांगेतले हात मांडीवरून वर येतात. सगळे एकाच क्षणाकडे निघालेले असतात. सम पडली की माना खाली जातात, चेहरे झुकतात, आणि फोटो संपतो. तो असतो समेच्या अलीकडे, अर्ध्या मात्रेच्या अंतरावर.

आणि समेकडे निघालेल्या तबल्याच्या बोलांत शटरचा आवाज मिसळून जातो. शेजारच्याला कळतही नाही.

म्हणून मी पहिल्या वीस मिनिटांत दर आवर्तनाला फार तर एक फोटो काढते. उरलेला वेळ मोजते. छिद्र १.८ वर, शटर सेकंदाचा शंभरावा भाग, आयएसओ ३२००. शंभरावा भाग यासाठी की आपली वीज पन्नास हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लवतात, आणि एवढ्या वेळात एक लवणं पूर्ण पकडलं जातं. याहून वेगवान शटर ठेवलं तर एक फोटो उजळ आणि पुढचा मंद, असं होतं. उजेड मोजायचा फक्त कपाळावर. मागचा काळा पडदा कॅमेऱ्याला फसवतो, त्याला वाटतं सगळं अंधारं आहे, आणि चेहरा पांढरा फटक पडतो.

मायक्रोफोनचं एक सांगायला हवं. समोरून काढलेल्या प्रत्येक फोटोत तो नेमका ओठांवर येतो. दीड-दोन हात बाजूला सरकलं, तर ओठ आणि माइक यांच्यात बोटभर मोकळी हवा दिसते. ती दिसली की जागा बरोबर आहे.

सकाळी ६.२५

आकाश निळं होतंय. मंचावर पिवळा उजेड, बाहेरून निळा. खांद्याच्या कडेला निळी रेघ आणि गालावर पिवळं. हे मिश्रण जेमतेम पंधरा मिनिटं टिकतं. रंगाचा समतोल मी कॅमेऱ्यावर सोडत नाही. तो दर फोटोला वेगळा विचार करतो. एक आकडा पक्का ठेवते आणि फोटो रॉ स्वरूपात घेते, म्हणजे घरी बसून ठरवता येतं.

द्रुत बंदिश सुरू झाली. आता तबल्यावरचे हात. उजेड वाढलाय, तेव्हा शटर अडीचशेवर. बोटं थोडी धूसर राहिली तर राहू द्यावीत. अगदी गोठवलेले हात चाटीवर चिकटवल्यासारखे दिसतात, त्यांत वाजणं उरत नाही.

सकाळी ७.१०

भटियार संपत आला आहे. मी उठून मंचाच्या पश्चिमेच्या कडेला जाते, वाकून, दोन टाळ्यांच्या मधल्या वेळेत. ८५ ची लेन्स लावलेली.

सात वाजून सतरा मिनिटांनी इमारतीच्या टाकीमागून ऊन येतं. आधी मागच्या पडद्याच्या वरच्या कडेवर, मग तानपुऱ्याच्या खुंट्यांवर. तानपुऱ्यावर बसलेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल, गायिकेची शिष्या. गेला सव्वा तास तिची बोटं थांबलेली नाहीत आणि कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही. ऊन खाली सरकतं आणि चारही तारा पेटल्यासारख्या होतात. छेडलेली तार थरथरते तिथे रेघेऐवजी प्रकाशाची पातळ पट्टी दिसते. तिच्या कानामागची बटही उजळलेली. गायिका तिच्यापुढे, धूसर, पाठमोऱ्या.

तीन फोटो काढते. चौथ्याला ऊन तिच्या डोळ्यांवर आलं आणि तिनं मान वळवली.

आजच्या दिवसाचं माझं काम इथे झालं असं मला वाटतं. मंचावर मुख्य कलाकार एक असतो, पण सूर धरून ठेवणारी माणसं मागे बसलेली असतात, आणि वर्तमानपत्रात त्यांचा फोटो जवळपास कधीच येत नाही. नव्या माणसानं निदान दोन फोटो त्यांचे काढावेत. जमलं तर ते त्यांच्या घरी पोचवावेत.

सकाळी ८.१५

नाट्यगीतं आणि अभंग. इथे मैफलीचा स्वभावच बदलतो. टाळ्या ठेक्यात पडतात, मुलं मांडवाच्या कडेनं धावतात, आज्या मान डोलावतात. आता मी भीडभाड न ठेवता फिरते, श्रोत्यांचे फोटो घेते. लख्ख उजेड, आयएसओ २००. तंत्राच्या दृष्टीनं सोपं आणि त्यामुळे थोडं कमी रस असलेलं काम.

मग भैरवी. भैरवीला कॅमेरा बॅगेत ठेवते.

सकाळी ९.१५

सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांचा फलक. आयोजकांना सगळ्यात आधी हे फोटो हवे असतात, तेव्हा ते नीट काढायचे. फलकावरची अक्षरं पूर्ण आली पाहिजेत आणि कुणाचे डोळे मिटलेले नकोत. ज्याला हे काम हलकं वाटतं, त्याला पुढच्या वर्षी मंचाजवळ बसायला जागा मिळत नाही.

सकाळी १०.३०

घरी फराळ. चकलीचा हात धुऊन मगच कार्ड काढायचं. फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवते आणि दोन्हींवर उघडून पाहते. कार्ड आठवडाभर पुसायचं नाही. त्यानंतर दोन तास झोप.

दुपारी २.००

एकूण ४१२ फोटो. त्यातून ३६ ठेवायचे.

हा ३६ चा आकडा काकांचा. ते माझे सख्खे काका नव्हेत. पेठेत त्यांचा जुना स्टुडिओ होता, आणि 'सवाई'च्या रात्री त्यांनी रमणबागेच्या मैदानावर बसून काढल्या आहेत. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा. काकांच्या खिशात कृष्णधवल फिल्मचे दोन रोल असत, प्रत्येकी ३६ फोटोंचे. चारशेची फिल्म सोळाशेची समजून वापरायची आणि धुताना रसायनात जास्त वेळ ठेवायची. दाणा मोठा येई, पण चेहरा मिळे. रात्रभरात ७२ संधी. त्यामुळे ते आधी ऐकत.

निवडीची त्यांनी दिलेली कसोटी मी अजून वापरते. फोटो पाहायचा आणि स्वतःला विचारायचं, इथे काय चाललं होतं? मुखडा होता, तिहाई होती, की श्वास घेत होत्या? सांगता आलं तर ठेवायचा. नाही आलं तर तो कितीही सुबक असला तरी बाजूला. पुण्यातल्या सतीश पाकणीकरांनी टिपलेली कलावंतांची प्रकाशचित्रं पाहा, किंवा रघू राय यांचं आपल्या संगीतातल्या थोर कलावंतांवरचं पुस्तक चाळा. त्यांतले कित्येक फोटो पाहताना नेमका कोणता सूर चालू असेल याचा अंदाज बांधावासा वाटतो.

वासलेल्या तोंडाचे अकरा फोटो आले आहेत. ते पुसून टाकते, आयोजकांकडे जाणार नाहीत याची खात्री करते. शब्द दिला होता.

दुपारी ४.३०

रंगांचं काम. पहिल्या तासानंतर दादांनी चेहऱ्यावर जांभळा टाकलाच होता. त्या उजेडातले सहा फोटो कृष्णधवल केले आणि त्यांतल्या तीन फोटोंत चेहरा परत सापडला. बाकीच्यांना फार हात लावायचा नाही. थोडा उजेड कमी-जास्त, थोडा दाणा कमी. त्वचा गुळगुळीत करायची नाही. सत्तरीच्या गायिकेच्या कपाळावरच्या रेघा पुसणं हा त्यांच्या रियाजाचा अपमान आहे.

संध्याकाळी ६.३०

आयोजकांना २४ फोटो पाठवले, सोबत एक छोटं पत्र. हे पत्र पहिल्या वर्षी मी लिहिलं नव्हतं. माझा एक फोटो पुढे मोठ्या फलकावर लागला, निमंत्रणपत्रिकेवर छापला गेला, आणि खाली नाव नव्हतं. विचारायला गेले तेव्हा कळलं की माझ्याकडे दाखवायला कागदच नाही. नंतर कायदा वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक सहसा तो काढणारा असतो. पण कुणी मोबदला देऊन सांगून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी सांगणाऱ्याकडे जाते. तेव्हा पैसे घेण्याआधी दोन ओळी लिहून घ्याव्यात: हक्क कुणाचा, वापर कशासाठी, फोटोखाली नाव येणार की नाही. सुरुवातीचे दोन-चार कार्यक्रम शिकण्यासाठी फुकट करायला हरकत नाही. त्यानंतर, जिथे मांडववाल्याला, दिव्यांच्या दादांना, ध्वनिक्षेपकवाल्यांना पैसे मिळतात तिथे फोटो काढणाऱ्यालाही मिळायला हवेत. हे मागताना लाजायचं नाही.

रात्री ८.३०

काकांकडे फराळाचा डबा आणि चार छापील फोटो घेऊन जाते. ते चष्मा पुसतात, एकेक फोटो दिव्याखाली धरतात. तिसऱ्यावर थांबतात. तारा उजळलेली तानपुऱ्यावरची मुलगी.

"काय चाललं होतं?"

"भटियार. द्रुताची शेवटची तिहाई. दुसऱ्या पल्ल्यावर."

ते फोटो बाजूला ठेवतात, म्हणजे तो त्यांना हवा आहे. उद्या त्या मुलीला दुसरी प्रत पाठवायची आहे.

तुमच्या हातात नवा कॅमेरा असेल आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर मोठ्या महोत्सवाच्या पासमागे धावू नका. तुमच्या गल्लीत गाण्याचा किंवा तबल्याचा एखादा क्लास असेल. त्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला परवानगी विचारून जा, पहिला कलाकार नुसता ऐका, आणि दुसऱ्याच्या वेळी कॅमेरा उचला.